डाव्या सीटचा आवाज

गुणवंताभाऊ कळंबे यांच्या गॅरेजवर पाटी नाही. पांढुर्ण्यात जाम नदीच्या पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्याला, टिनाच्या शेडपुढे दोन-तीन जुन्या जीपगाड्या उभ्या दिसल्या की समजायचं, हेच ते. नव्या गाड्या तिथे फारशा येत नाहीत. आलीच एखादी, तर भाऊ बॉनेट उघडून आत पाहतात आणि पुन्हा मिटतात. "हे माह्या कामाचं नाही, याच्यात सारं तारांचं आहे," म्हणतात. त्यांचा हात बसला तो फोर-बाय-फोर जीपांवर. संत्र्याच्या बागांतून, काळ्या मातीच्या चिखलातून, नाल्यांच्या पात्रांतून माल ओढून काढणाऱ्या, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या जुन्या गाड्यांवर.

अशा गाडीचं दुखणं ते कानाने शोधत. लाकडी मुठीचा एक लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, होता. त्याचं टोक चालू गिअरबॉक्सवर टेकवायचं, मूठ उजव्या कानाला लावायची आणि डोळे मिटून घ्यायचे. कुठलं बेअरिंग खडखडतं, कुठला दात झिजला, कुठे तेल कमी आहे, हे त्यांना त्या मुठीतून समजे. गाडी पुलावर आली की शेडमधूनच ते सांगत, कोणाची आहे आणि मालकाने क्लच किती खाल्ला आहे. सौंसरचे, मोहगावचे बागायतदार वाटेतली चार गॅरेजं सोडून त्यांच्याकडे येत ते या कानासाठी. भाऊंना याचा अभिमान होता, पण तो ते बोलून दाखवत नसत. विजयाबाई, त्यांच्या पत्नी, मात्र बोलत. "गाडीचं बराबर ऐकू येते. माणूस हाका मारून मारून थकते."

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीला, भाऊ नदीच्या काठावर उभे होते. पात्रात रोवलेल्या पळसाच्या झाडावरचा झेंडा काढायला इकडून पांढुर्ण्याचे आणि पलीकडून सावरगावचे लोक झेपावत होते, आणि दोन्ही काठांवरून दगड उडत होते. भाऊ कधी खेळात उतरले नाहीत, पण त्या दिवशी घरात बसून राहणंही त्यांना कधी जमलं नाही. दुपारी कुठूनसा एक दगड आला आणि उजव्या कानाच्या मागे लागला. डोळ्यांपुढे पांढरं झालं. मग सगळं पुन्हा दिसू लागलं, आरडाओरडा मात्र जरा लांबून यावा तसा येऊ लागला.

गोटमारीचा दगड आमच्याकडे कोणी डॉक्टरला दाखवत नाही. चंडीमातेच्या देवळातला अंगारा जखमेवर दाबायचा आणि पुन्हा काठावर यायचं. ती जखम आहे असं कोणी म्हणतही नाही, कारण तसं म्हटलं तर दगड कोणी मारला हे विचारावं लागेल, आणि पलीकडच्या काठावर बहुतेकांचे सोयरेच असतात. विजयाबाईंचं माहेर सावरगावचं.

"कोणीकडून आला?" संध्याकाळी रक्त पुसता पुसता त्यांनी विचारलं.

"तुह्या माहेराकडून."

"मंग प्रसाद समजा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी अंगाऱ्याची चिमूट दाबून बसवली.

त्यानंतर एक बारीक गुणगुण सुरू झाली. भाऊंना ती वेगळी अशी जाणवली नाही. घरात पंख्याची वाटे, सकाळी पलीकडच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीची, गॅरेजात कुठल्या तरी मोटरची. प्रत्येक ठिकाणी तिला एखादं कारण होतं, म्हणून ती कधी मोकळी सापडलीच नाही.

पितृपक्ष लागला आणि सौंसरचे प्रभाकरराव आपली जीप घेऊन आले. जीप त्यांचे थोरले भाऊ रघुनाथराव यांची. हिरवा रंग उडालेली, ताडपत्रीच्या छताची. रघुनाथरावांना श्रावणात देवाज्ञा झाली होती, आणि ती याच गाडीत झाली होती. पांढुर्ण्याचा बाजार करून दोघे भाऊ परत निघाले होते. प्रभाकर चालवत होते, रघुनाथराव त्यांच्या डावीकडे, नेहमीच्या जागी.

"डोकं छताच्या खांबाले टेकवलं होतं," प्रभाकरराव सांगत होते. "मले वाटलं डोळा लागला. मोहगाव येईपर्यंत मी बोलतच होतो त्याच्याशी. या वर्षी संत्र्याचा आंब्या बहार कसा आहे, व्यापारी काय म्हणते, सारं."

भाऊंनी गाडीत डोकावून पाहिलं. डाव्या सीटवर घडी केलेला एक पांढरा दुपट्टा आणि त्यावर टोपी ठेवलेली होती.

"आता गाडीचं काय झालं?"

"आवाज येऊन राहिला. तेरवी झाली, आणि त्यानंतर पहिल्यांदा गाडी काढली तेव्हापासून. बारीक आहे. जरा वेग धरला की सुरू होते. लेकरू रडून थकल्यावर हुंदके देते ना, तसा. देते, थांबते, पुन्हा देते."

"पुढून येते की मागून?"

"कोणी म्हणते पुढून, कोणी म्हणते खालून." प्रभाकररावांनी सीटकडे पाहिलं. "घरचे तं दुसरंच म्हणून राहिले. ते सोडा. तुमी पाहा."

दोघे सौंसरच्या रस्त्याला निघाले. भाऊ सवयीने डावीकडे चढू लागले, तेव्हा प्रभाकरराव हलकेच म्हणाले, "तिथं नका बसू भाऊ. मागं बसा. तिथं कोणी बसत नाही आता." भाऊ मागच्या बाकड्यावर बसले. गाव सुटलं, गाडीने वेग घेतला, आणि प्रभाकररावांनी मान वळवली. "आला ना?"

भाऊंनी कान दिला. इंजिनाच्या खाली, चाकांच्या खाली, कोणी तोंड मिटून गुणगुणावं तसा एक सूर होता.

"आला," ते म्हणाले.

असा सूर म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या धुरीतल्या क्राऊन आणि पिनियन या चक्रांचे दात, याबद्दल त्यांना शंका नव्हती. गाडी ठेवून घेतली, मागची धुरी उघडली. दात चांगले होते. तरी बेअरिंग बदललं, तेल बदललं, दातांमधलं अंतर पुन्हा बसवलं. प्रभाकरराव गाडी घेऊन गेले आणि दोन दिवसांनी फोन आला. आवाज होता तसाच आहे.

भाऊंच्या हातून गाडी अशी परत येत नसे. त्यांनी पुढची चाकं खोलली, तिथली बेअरिंगं बदलली. या वेळी गाडी न्यायला प्रभाकररावांबरोबर अमितावहिनीही आल्या होत्या, रघुनाथरावांच्या पत्नी. उंच, अंगाने भरलेल्या, चाळीस-पंचेचाळीसच्या. प्रभाकरराव समोरच्या दुकानात चहा सांगायला गेले, तेव्हा त्या शेडच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या.

"गुणवंताभाऊ, एक विचारू का?"

"विचारा ना वहिनीबाई."

"आवाज गेला तं कायमचाच जाईन का?"

भाऊंना प्रश्न समजला नाही. त्या जीपकडे पाहत बोलत होत्या.

"एक दिवस मागं खताचे पोते होते. मले बसाले जागा नव्हती. मी त्यायच्या जागेवर बसली, दुपट्टा मांडीवर घेऊन. मोहगावपासून सौंसरपर्यंत आवाज आला नाही. एकदाही नाही. मी उतरली आणि प्रभाकरनं गाडी वळवून बागेकडं नेली, तं मले फाटकापर्यंत ऐकू येऊन राहिला होता." त्या थांबल्या. "मी बसली की ते थांबतात, असं मले वाटते. प्रभाकरले नका सांगू. तो म्हणन वहिनीचं डोकं फिरलं."

भाऊंनी सीटवरच्या दुपट्ट्यावरून नजर काढून घेतली. "नाही सांगत," ते म्हणाले.

प्रभाकरराव चहा घेऊन आले. गाडी पुन्हा रस्त्यावर काढली. आवाज होता. भाऊंनाही ऐकू आला.

"हे पाहा भाऊ," परत आल्यावर प्रभाकरराव म्हणाले, "नवरात्र लागलं की मले वहिनीले आणि पोरायले घेऊन छिंदवाड्याले जायचं आहे, तिच्या माहेरी. सिल्लेवानीचा घाट आहे मधात. तुमी म्हणसान ने, तं नेतो. तुमी म्हणसान नको, तं गाडी भंगारात देतो. घरात तेच म्हणून राहिले, की ही गाडी ठेवू नका."

"गाडी राहू द्या माह्याकडं."

"तुमचा कान आहे म्हणून मी आलो. नाही तं मांत्रिक आणत होते घरचे."

ते हसले. भाऊंना हसू आलं नाही. घाटाच्या उतारावर, वळणावर, भरलेल्या गाडीखाली इंजिनाचा जोर चाकांकडे नेणारा एखादा शाफ्ट सुटला तर काय होतं, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्ता ओस पडला होता. ऊन टिनावर तापत होतं. जीप जॅकवर चढवलेली, इंजिन बंद, चावी भाऊंच्या खिशात. ते खाली उताणे पडून एकेक नटबोल्ट पाहत होते. काही सापडेना. सहज, काही हेतू नसताना, त्यांनी पेचकस उचलला, टोक गिअरबॉक्सला टेकवलं आणि मूठ कानाला लावली.

थंड, न फिरणाऱ्या लोखंडात कोणीतरी गुणगुणत होतं.

ते तसेच पडून राहिले. मग पेचकस काढला आणि पुढच्या धुरीला लावला. तिथेही होतं. ते गाडीखालून निघाले, शेडच्या लाकडी खांबाला टोक टेकवलं. खांबातही तोच सूर, तेवढाच. भिंतीत. अंगणातल्या कडुनिंबाच्या खोडात. जिथे टोक टेकवावं तिथे आत कोणी तरी बसलेलं होतं. शेवटी त्यांनी टोक हवेत धरलं, कशालाही न टेकवता, आणि मूठ कानाला लावली.

मग त्यांनी पेचकस बाकावर ठेवला आणि ते पाणी प्यायले.

दोनच गोष्टी असू शकत होत्या, आणि दोन्ही त्यांना नको होत्या. अमितावहिनींनी सांगितली ती एक, आणि दुसरी ही, की सूर त्यांच्याच कानात आहे. कानात असेल, तर गाडीत काय आहे? प्रभाकररावांनाही तोच ऐकू येतो, की दुसरं काही? तोच येत असेल तर भाऊंना भीती रघुनाथरावांची वाटायला हवी होती. दुसरं काही असेल तर त्यांना ते ऐकू येत नव्हतं, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याच्या शब्दावर घाटात गाडी जाणार होती. रोजची भाकरी ज्या कानावर आली, तो कानच गेला असेल तर उद्या या शेडमध्ये बसून काय करायचं, हा विचार त्यांनी दाराशी आणला आणि आत येऊ दिला नाही.

घरी जेवताना त्यांनी विजयाबाईंकडे पाहिलं. "कुकरची शिट्टी झाली का आता?"

"चार झाल्या. काऊन?"

"काही नाही."

"महिना झाला पाहून राहिली मी," त्या म्हणाल्या. "फोन वाजते, तुमी पाहात नाही. दूध उतू जाते, शिट्टी होते, तुमचं ध्यानच नाही. मी म्हटलं, प्रभाकरभाऊच्या गाडीत जीव अडकला."

"उद्या दुपारी चाल माह्यासंग. सौंसरच्या रस्त्यानं जाऊन येऊ."

"त्या गाडीत? लोक काय काय म्हणून राहिले तिच्याबद्दल."

"म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी विजयाबाई मागच्या बाकड्यावर, बरोबर भाऊंच्या पाठीशी बसल्या. भाऊंनी त्यांना सांगितलं, "प्रभाकर म्हणते तो बारीक आवाज आला, की माह्या खांद्यावर हात ठेव. थांबला की काढ. बोलू नको."

"तुमाले येत नाही का?"

"येते. तुह्या कानाले येते का ते पाहू."

गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्यावर आली होती, मधूनमधून संत्र्याच्या बागा, अजून हिरव्याच फळांच्या. गाडीने वेग धरला. भाऊंच्या कानात सूर होताच. घरून निघताना होता, गाडीत बसताना होता, आता इंजिनाच्या घरघरीखाली दबून तसाच चालू होता. खांद्यावर हात आला नाही.

मग एका लांब सपाट पट्ट्यावर हात आला.

भाऊंच्या कानात काही बदललं नव्हतं. त्यांनी वेग कमी केला. हात उठला. वेग वाढवला. हात पुन्हा आला, या वेळी बोटं खांद्यात रुतली. त्यांनी तीन-चार वेळा करून पाहिलं. त्याच वेगाला हात येई, वेग उतरला की जाई. मागे बसलेली बाई जे ऐकत होती त्यातलं काहीही त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. हात मात्र पोचत होता, जणू तिसराच कोणी तो उचलून त्यांच्या खांद्यावर ठेवत होता.

त्यांनी गाडी एका बाभळीखाली थांबवली. इंजिन बंद केलं.

"आता?"

"आता काय? बंद आहे ना गाडी."

"काहीच येत नाही?"

"चिमण्या किती ओरडून राहिल्या, त्याच येतात."

भाऊंनी वर पाहिलं. बाभळीच्या फांद्यांवर पन्नासभर चिमण्या होत्या. त्यांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या, उघडत होत्या. त्यांच्या खालून, वरून, सगळीकडून, तोंड मिटलेलं कोणी एका सुरात गुणगुणत होतं.

बराच वेळ ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. विजयाबाई मागून पुढे झुकल्या. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग झाडाकडे, आणि त्यांना समजलं असावं, कारण त्यांनी पदराने स्वतःचे डोळे टिपले, आणि लगेच म्हणाल्या, "माह्या भावानंच मारला असन तो दगड. नेम नाही त्याले लहानपणापासून."

भाऊ हसले. बऱ्याच दिवसांनी. आणि हसता हसता अमितावहिनींचं बोलणं त्यांना आठवलं.

"विजया, पुढं ये. या सीटवर बस."

"नाही वो. मेलेल्या माणसाची जागा आहे ती."

"त्यायलेच बसवलं आहे तिथं महिनाभर, म्हणून हे झालं." भाऊंनी दुपट्ट्याला हात जोडले, घडी न मोडता दुपट्टा आणि टोपी उचलून मागच्या बाकड्यावर ठेवली. "बस. माह्यासाठी बस."

विजयाबाई आखडून बसल्या, सीटच्या कडेला. गाडी निघाली. त्याच पट्ट्यावर तोच वेग आला. त्यांचा हात मांडीवरच राहिला. भाऊंनी गाडी वळवून पुन्हा तोच पट्टा घेतला. हात हलला नाही.

"नाही आला," त्या पुटपुटल्या. "देवा. खरंच थांबले ते."

"ते नाही थांबले," भाऊ म्हणाले. "वजन पडलं."

गॅरेजात येताच ते गाडीखाली गेले. या जुन्या जीपला पुढच्या चाकांकडे जाणारा एक वेगळा शाफ्ट असतो. चार चाकांचा गिअर टाकलेला नसला तरी तो चाकांबरोबर फिरत राहतो. त्याच्या सांध्यात अधिकच्या खुणेसारखा एक लोखंडी क्रॉस असतो, त्याच्या चार टोकांवर चार वाट्या, आणि वाट्यांत सुईसारखे बारीक रोलर. पुढच्या टोकाचा सांधा एका जाड पत्र्याआड दडलेला होता. भाऊंनी तो पत्रा कधी काढलाच नव्हता, कारण कान त्यांना दुसरीकडे नेत होता. आता त्यांनी पत्रा काढला, पेचकस लांब ठेवला आणि बोटांनी चाचपलं. वाट्यांच्या कडेला तांबूस भुकटी बसली होती, कुंकवासारखी. शाफ्ट हातात धरून हलवला, तर बारीकसा डुलला. क्रॉस बाहेर काढला. रोलर झिजून पीठ झाले होते. तेलाचा थेंब नव्हता.

रघुनाथराव धिप्पाड माणूस. कितीतरी वर्षं ते त्या सीटवर बसले. गाडीची पुढची बाजू त्यांच्या भाराने जितकी दबे, त्या बेताने तो शाफ्ट तिरपा राही, आणि त्याच तिरपेपणात सांधा झिजून बसला होता. झिजलेला, पण आपल्या जागी गप्प. माणूस गेला, घरच्यांनी मानाने जागा मोकळी ठेवली, पुढची बाजू उचलली गेली, आणि सांधा कधी न फिरलेल्या जागेवर फिरू लागला. तिथे तो कण्हत होता. आणखी थोडे दिवस गेले असते तर शाफ्टचं पुढचं टोक रस्त्यावर पडलं असतं, आणि घाटाच्या उतारावर जीप त्या टोकावर उलटली असती.

"वहिनीबाईनं मले सारं सांगून टाकलं होतं," भाऊ विजयाबाईंना म्हणाले. "कोण बसलं की थांबते, कोण उतरलं की येते. मिस्त्रीले यापेक्षा जास्त काय पाहिजे? आणि मी ते भुताचं म्हणून ऐकलं."

नवा क्रॉस बसवला. नवरात्राच्या आधी प्रभाकरराव आणि अमितावहिनी गाडी न्यायला आले. भाऊंनी झिजलेला क्रॉस प्रभाकररावांच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. सीटचं, भाराचं. स्वतःच्या कानाचं सांगायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "एकदा चालवून पाहू."

प्रभाकरराव चालवायला बसले. डावी सीट मोकळीच राहिली. मागच्या दोन समोरासमोरच्या बाकड्यांवर भाऊ आणि अमितावहिनी. ताडपत्री वाऱ्याने फडफडत होती, पुढे काही ऐकू जात नव्हतं. लांब सपाट पट्टा आला, वेग आला. भाऊ वहिनींच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. आवाज गेला की नाही हे समजायला त्यांच्याकडे आता तेवढंच होतं.

वहिनींनी डोळे मिटले होते. पट्टा संपत आला तेव्हा त्यांनी ते उघडले.

"नाही येत आता," त्या म्हणाल्या. आणि जरा वेळाने, "तुमाले?"

इथे 'नाही' म्हणून चाललं असतं. गाडी बरी झाली होती, शब्द खरा ठरला असता, आणि सौंसरचे बागायतदार उद्याही आले असते.

"वहिनीबाई, मले तो कधी ऐकूच आला नाही," भाऊ म्हणाले.

"तुमी तं म्हणत होते, आला म्हणून."

"मले दुसराच येते. माह्या कानातला आहे. गोटमारीत दगड लागला, तेव्हापासून. गाडी बंद असो, चालू असो. प्रभाकरभाऊले आज सांगतो. ही गाडी मी बायकोच्या कानानं दुरुस्त केली."

त्यांना वाटलं, त्या रागावतील. घाटातून पोरांना नेणार होत्या त्या, कोणाच्या भरवशावर. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"कसा येते?"

भाऊंना ते आजवर कोणी विचारलं नव्हतं. ते शोधू लागले. "तोंड मिटून कोणी गुणगुणते तसा. एकाच सुरात असते. मधातच जरासा खाली उतरते, मंग पुन्हा आपल्या जागी येते."

वहिनी बाहेर पाहू लागल्या. दोन्ही बाजूंनी बागा मागे पळत होत्या.

"हे तसेच गुणगुणत," त्या म्हणाल्या. "बागेत फिरतानी. गाणं म्हणून काही नाही. मधात खाली उतरत, पुन्हा चढत. मी हसायची, की गिरणीच्या पट्ट्यासारखं तुमचं घसरते."

भाऊंचा हात उजव्या कानाकडे गेला.

"आता येऊन राहिला का?"

"येऊन राहिला."

वहिनी पुढे झुकल्या, भाऊंच्या उजव्या कानाच्या बाजूला, बंद दाराशी उभं राहून माणूस आतलं ऐकतो तशा. मग त्यांना आपण कुठे आहोत याचं भान आलं. त्यांनी पदर सारखा केला आणि मागे सरून बसल्या. गाडीतून उतरेपर्यंत त्या बाहेरच पाहत होत्या.

प्रभाकररावांना भाऊंनी त्याच संध्याकाळी सांगितलं. "दुसऱ्या मिस्त्रीलेही दाखवून घ्या घाटाआधी," असंही म्हणाले. प्रभाकरराव झिजलेला क्रॉस हातात फिरवत म्हणाले, "तुमच्या दुकानात आता दोन मिस्त्री आहेत असं समजतो." गाडी छिंदवाड्याला गेली आणि परत आली.

दिवाळीनंतर विजयाबाई भाऊंना नागपूरला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टरने तपासलं. डावा कान हातोड्या आणि इंजिनांच्या आवाजाने कधीचाच उणा झाला होता, उजव्यावर सगळं चाललं होतं, आणि उजव्यातले बारीक सूर त्या दगडाने नेले होते. लगेच आले असते तर काही करता आलं असतं, डॉक्टर म्हणाले. आता मशीन लावा. बारीक आवाज बरेच परत येतील, आणि बाहेरचं ऐकू येऊ लागलं की आतली गुणगुण मागे पडेल, पुष्कळांची तर जातेच.

तसंच झालं. मशीन लावून गॅरेजाबाहेर पाऊल टाकलं तेव्हा कडुनिंबावरचा पक्ष्यांचा गलका अंगावर आला, आणि सूर नव्हता. आता भाऊ बोटांनी आधी पाहतात, मशीन लावून ऐकतात, आणि गाडी रस्त्यावर काढायची असली की विजयाबाईंना हाक मारतात. त्या मागे बसतात, खांद्यावर हात ठेवतात, काढतात. गिऱ्हाईक थोडं कमी झालं. जे येतात त्यांना भाऊ सुरुवातीलाच सांगतात, मले कमी ऐकू येते, आवाज कसा आहे ते तुमीच सांगा.

विजयाबाईंना त्यांनी सगळं सांगितलं आहे. शेवटच्या चकरेत वहिनी काय म्हणाल्या ते तेवढं नाही.

दिवस मावळता मावळता काम आटोपतं. हात धुऊन भाऊ शेडच्या खांबाला टेकून बसतात. मशीन काढतात, पुसतात, डबीत ठेवतात. बॅटरी वाचवायची म्हणून, असं ते म्हणतात. पुलावरच्या गाड्या मुक्या होतात, झाड मुकं होतं, आणि जरा वेळाने तो येतो. भाऊ डोळे मिटून बसतात, सूर मधेच खाली उतरेपर्यंत. उतरला की ते हलकेच मान डोलावतात. मागच्या घरातून विजयाबाई जेवायला हाक मारतात, आणि ती पोचत नाही, तेव्हा येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवतात.